दोष क्रमांक सात

आमच्या सासूबाईंसमोर बसून चहात साखर ढवळायची सोय नाही. चमचा कपाला कसा लागतो यावरून त्यांना कळतं की सुनेचं आज कुठेतरी बिनसलंय. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण माझा एकही राग मला त्यांच्यापासून लपवता आलेला नाही. वरच्या मजल्यावरचा नळ गळायला लागला की वरच्यांच्या आधी खाली यांना समजतं. फ्रिजची मोटर बंद पडायच्या तीन आठवडे आधी त्या म्हणाल्या होत्या, हा आता फार दिवसांचा सोबती नाही. आम्ही नवराबायको हसलो. चौथ्या आठवड्यात सगळं दूध नासलं, आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

हा कान त्यांनी नोकरीत कमावला. एकोणीस वर्षं त्या रेकॉर्डच्या कारखान्यात तपासनीस होत्या. गाणी ऐकण्याचा पगार मिळायचा म्हटलं की लोकांना हेवा वाटतो, पण त्या गाणी ऐकतच नव्हत्या. त्या दोष ऐकत होत्या. लांबलचक खोली, भिंतींना बुचाचे जाड तक्ते, आठ टेबलं. प्रत्येक टेबलावर एक रेकॉर्ड प्लेअर, जड हेडफोन आणि छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठीवर नऊ दोष क्रमाने छापलेले. एक म्हणजे टिक, दोन म्हणजे खरखर, चार म्हणजे मधलं भोक सरकलेलं, आणि सात म्हणजे सुई अडकते, एकाच रेघेत फिरत राहते आणि तेच तेच वाजतं. गाणारा जीव ओतून गात असो नाहीतर रडत असो, सासूबाई त्यात टिक शोधणार. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे अजून आमच्या घरात आहेत. किराण्याची यादी त्यांच्याच पाठीवर लिहिली जाते.

काम नियमाने चालायचं. प्रत्येक लॉटमधल्या तीन रेकॉर्ड त्यांच्या टेबलावर यायच्या, सुरुवातीची, मधली आणि शेवटची. एकीतच दोष असला तर ती एक बाजूला. पण तिन्हींत एकाच जागी तोच दोष निघाला, तर तो साच्यातूनच आलाय असं धरायचं आणि अख्खा लॉट मोडीत काढायचा. मोडीत म्हणजे मागच्या शेडमध्ये दळून त्याचा काळा दाणा करायचा. पुढच्या आठवड्यात त्या दाण्यातून दुसऱ्याच कुणाच्या रेकॉर्ड निघायच्या. सात नंबरसाठी आणखी एक नियम होता. तेच तिसऱ्यांदा वाजलं की सुई उचलायची, कारण उगाच ठेवली तर ती झिजते.

सासूबाई डोळे मिटून ऐकत. मुकादम म्हणे, बाकीच्या बायका डोळ्यांत तेल घालून काम करतात आणि ही बाई डोळे मिटून करते, तरी हिचाच माल चोख. कारखान्यात त्यांना सुईबाई म्हणत. एकोणीस वर्षांत त्यांनी पास केलेल्या मालाबद्दल बाहेरून एकही तक्रार आली नाही. हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलंय की त्याचीच रेकॉर्ड काढावी. मला ते टोचायचंही, कारण माझ्या कामाबद्दल तर घरातल्या घरातच तक्रारी येतात.

अशा बाईच्या पोटी माझा नवरा जन्माला आला. तो रेकॉर्ड जमवतो. जमवेना का, लोक तर टोपणंही जमवतात, पण याला सरळ गाणं चालत नाही. याला जॅझ, फंक आणि रॉक एकत्र घुसळलेलं लागतं, तेही कुणाला माहीत नसलेलं. एकीत म्हणे ट्रम्पेटवाला पाण्याच्या रिकाम्या टाकीत उभा राहून वाजवतो. दुसरीत सगळा ठेका टाइपरायटरवर धरलाय. मला पहिली काही वर्षं वाटायचं, एकाच खोलीत चार माणसं चार वेगळी भांडणं करताहेत. मग मध्येच सगळ्यांचं एकमत होतं, अवघ्या दहा सेकंदांपुरतं. नवरा म्हणतो, त्या दहा सेकंदांसाठीच ऐकायचं असतं. खोटं कशाला बोलू, आता मलाही ती जागा कधीकधी सापडते. पण हे त्याला सांगायचं नाही, नाहीतर तो आणखी एक कपाट आणेल.

जुनी, कुणी न विचारलेली रेकॉर्ड पुन्हा ऐकायला मिळावी यासाठी तो कुठेही जाईल. भंगारवाल्यांकडे जातो, घर बदलणाऱ्यांकडे जातो, एकदा अनोळखी माणसाच्या तेराव्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना गेला. एका बाई आहेत, त्या अशाच विस्मृतीत गेलेल्या संगीतावर इंटरनेटवर लिहितात. त्यांचं लिखाण तो रविवारी सकाळी चहाबरोबर मोठ्याने वाचतो. आम्ही दोघी ऐकतो, म्हणजे सासूबाई ऐकतात आणि मी कप गोळा करते.

त्या रविवारी बाईंनी दहा रेकॉर्डची यादी दिली होती, पुन्हा शोधून ऐकाव्यात अशा. नऊ झाल्या. दहावीबद्दल त्यांनी लिहिलं होतं की ही कुणीच ऐकलेली नाही, तरी यादीत ठेवतेय. नाव 'अडीच पावलं'. पाच तरुण मुलं, सेहेचाळीस वर्षांपूर्वी. कारखान्यात छापली गेली आणि बाहेर आलीच नाही, माल खराब निघाला एवढंच कळवण्यात आलं. मूळ टेपवर स्टुडिओने नंतर दुसरं काही भरलं. दुसऱ्या बाजूला एका तुकड्यात टेप कापून, टोकाला टोक जोडून, तेच तेच वाजवण्याचा ड्रमवाल्याचा हट्ट होता. त्या जोडकामानेच टेप बिघडली आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली, असं बाकीचे चौघं तेव्हापासून सांगत आले. ती पाच जणं पुन्हा कधी एकत्र बसली नाहीत. ड्रमवाला आता लाँड्री चालवतो आणि संगीताबद्दल बोलत नाही.

"बोलत नाही म्हणजे काय, मीच आठ महिने खेटे घालतोय," नवरा म्हणाला. ते खरं होतं, फक्त कुठल्या रेकॉर्डसाठी ते त्याने घरात कधी सांगितलं नव्हतं. बोलायला निमित्त हवं म्हणून हा दर आठवड्याला त्या लाँड्रीत शर्ट नेऊन देई. रेकॉर्डचं नाव काढलं की तो माणूस म्हणे, शर्ट परवा मिळतील. माहिती काही मिळाली नाही, पण आमच्या घरातले पायजमेसुद्धा त्या वर्षी कडक इस्त्रीचे होते.

मी हसत वळले, तर सासूबाईंचा चहा तसाच होता. त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. ज्या बाईने सोळा वर्षांत कपाच्या तळाशी थेंब सोडला नाही, तिने अर्धा कप टाकला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझा कान त्यांच्यासारखा नाही.

दुपारी त्यांचं औषध घेऊन गेले, तर कपाट उघडं, चादरी खाली काढलेल्या, आणि त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या. मांडीवर पांढऱ्या कोऱ्या कव्हरात एक रेकॉर्ड. कव्हरावर फिकट हिरव्या रंगाचा अंगठा उमटलेला, आणि वर टाचणीने लावलेली कारखान्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर सातच्या आकड्याभोवती गोल, खाली त्यांची सही.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा हिलाच शोधतोय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेपासून ऐकत आलेय, पण कळसा आणि वळसा दोन्ही एकाच घरात पहिल्यांदाच पाहिले. मी हसणार होते. त्यांचा चेहरा पाहून बसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंचविशीत होत्या. ती रेकॉर्ड टेबलावर आली आणि पहिल्याच बाजूला बेस गिटारवर त्यांचा पाय हलायला लागला. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, आपण इथे पाय हलवायला बसलोय का म्हणून, आणि त्या जास्तच कडक होऊन ऐकू लागल्या. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी तेच वाजलं, पुन्हा तेच, तिसऱ्यांदा तेच. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी सुई उचलली. मधली रेकॉर्ड लावली, त्याच जागी तेच. शेवटची लावली, तिच्यातही तेच. नियम स्पष्ट होता. पाचशे रेकॉर्डचा लॉट दोन दिवसांत दळला गेला, आणि त्या दाण्यातून पुढच्या सोमवारी मुलांच्या गोष्टींच्या रेकॉर्ड निघाल्या. नाकारलेल्या मालातली एखादी रेकॉर्ड घरी न्यायला मनाई नव्हती. लोक ती तापवून वाडगी करत, भिंतीवरची घड्याळं करत. यांनी एक घरी नेली, त्या बेससाठी. घरी वाजवायला काही नव्हतं, तरी नेली.

दोन वर्षांनी लग्न झालं. सासऱ्यांनी कुठूनतरी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. नव्या खोलीला दोघं रंग देत होते, सासरे आणखी रंग आणायला गेलेले, आणि या शिडीवर. खाली तीच रेकॉर्ड लावलेली. ती जागा आली. तिसऱ्यांदा तेच वाजल्यावर सवयीने हात पुढे गेला, पण हात शिडीवर आणि रंगाने बरबटलेले. चौथ्यांदा वाजलं, पाचव्यांदा वाजलं. त्या शिडीवरून उतरल्या, सुईपाशी आल्या, आणि तेव्हा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सुई अडकलेली नव्हती. तिचा दांडा हळूहळू आत सरकत होता, निरोगी रेकॉर्डवर सरकतो तसा. बाराव्या फेरीला ड्रम सुरू झाले आणि अख्खी खोली हलली. त्या तिथे हिरवे हात घेऊन उभ्या राहिल्या.

"डोळे उघडले असते तर एका नजरेत कळलं असतं," त्या म्हणाल्या. "सुई अडकली की दांडा जागेवर राहतो, ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट. मी ती बाकीच्यांना शिकवायचे."

मी म्हटलं, झालं ते झालं, किती वर्षं झाली. त्या माझ्याकडे न बघता चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिल्या. "खराब माल सुटला तर तक्रार येते गं. चांगला माल मारला तर तक्रार कोण करणार? म्हणून माझी एकही तक्रार आली नाही."

आता मी फार शहाणी नाही, पण माझ्या माणसांना सांभाळून घेणारी आहे. मी त्यांना सल्ला दिला की तशीच चादरींखाली ठेवा. मुलगा लहानपणापासून जगाला सांगत आलाय की आईचा कान चुकत नाही. लाँड्रीवाला म्हातारा झाला, त्याने आपलं दुःख गिळलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आतलं त्याचं आहे. उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर आम्ही निघालो. पंधरा मिनिटांचं अंतर त्यांनी अर्ध्या तासात चाललं, आणि रेकॉर्ड माझ्या हातात द्यायला तयार नव्हत्या. लाँड्री म्हणजे एक खोल, अरुंद दुकान. उजवीकडे तीन मोठी यंत्रं घरघरत होती, डावीकडे इस्त्रीचं टेबल, मागे दांड्यावर नंबरांचे बिल्ले लावलेले कपडे. सगळीकडे वाफ. टेबलामागे अडुसष्ट-सत्तरीचा माणूस, मनगटं जाड, केस पांढरे. त्याने वर न बघता दोन बिल्ले हातात घेतले आणि किती कपडे आहेत ते विचारलं.

"कपडे नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि रेकॉर्ड टेबलावर ठेवली.

त्याने आधी चिठ्ठी वाचली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'अडीच पावलं' आणि लॉटचा नंबर लिहिलेला होता. मग त्याने कव्हरात बोट घालून ती जराशी बाहेर काढली, मधल्या गोल कागदावरची पाच नावं पाहिली आणि पुन्हा आत सरकवली. तो मागे गेला आणि तिन्ही यंत्रं एकेक करून बंद केली. इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. सासूबाईंना काय काय ऐकू येत असेल कोण जाणे.

त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दर आठवड्याला शर्ट आणणारा आपलाच मुलगा हेही. काही कमी केलं नाही आणि नियमांच्या मागे लपल्या नाहीत. त्याने एकच प्रश्न दोनदा विचारला.

"म्हणजे टेपमध्ये काही नव्हतं?"

"काही नव्हतं. जोडकाम साफ होतं, मी नंतर शंभरदा ऐकलंय. जोड कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, आणि मला सगळे जोड सापडतात."

तो खुर्चीवर बसला. म्हणाला की चौघांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या हट्टापायी सगळं गेलं. त्याने वाद घातला नाही, कारण त्यालाही तसंच वाटलं. दोन रात्री जागून त्याने ब्लेडने टेप कापली होती, हात थकले होते. चुकलं असेल. त्यानंतर त्याने ड्रम विकून टाकले. मग त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्हाला दोन वर्षांनी कळलं होतं ना? तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. तेव्हा का नाही आलात?"

मला वाटलं, आता त्या नोकरीचं कारण सांगतील, नव्या संसाराचं सांगतील. कुणीही सांगितलं असतं.

"माझं नाव खराब होईल म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

तो उठला, पहिलं यंत्र सुरू केलं आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला की शर्ट शनिवारी मिळतील. सासूबाई वळल्या. मी रेकॉर्ड उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्याची आहे ती, राहू दे, एवढंच म्हणाल्या.

रस्त्यात मी त्यांना म्हटलं, अहो आई, जगात एकच आहे ती, आणि आपण ती चिडलेल्या माणसापुढे इस्त्रीच्या टेबलावर ठेवून आलो. एक गरम इस्त्री आणि तिचं वाडगं. त्या म्हणाल्या, झालं तर होऊ दे. पण घरी आल्यावर त्यांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं, आणि पाय दुखतात म्हणून पडून राहिल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगावं लागलं. मी सांगते म्हटलं, पण त्यांनीच सांगितलं. तो ऐकता ऐकता उभा राहिला, पुन्हा बसला. आईने एवढी वर्षं लपवलं याचं त्याला वाईट वाटलं, ते दिसत होतं, पण तोंडून निघालं ते, "इस्त्रीच्या टेबलावर?" त्यानंतर तो चार दिवस कुणाशी नीट बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने चार दिवस एकही रेकॉर्ड लावली नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी ट्रम्पेटवाले भांडायचे, तिथे नुसता पंखा फिरत होता. मला त्या भांडणांची आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पाचव्या दिवशी जेवताना त्याने ताटाकडे बघतच विचारलं, "कशी आहे ती? ऐकायला?"

सासूबाईंनी चमचा उचलला. टेबलाच्या कडेवर त्यांनी बेसची चाल वाजवून दाखवली आणि तोंडाने वरचा ऑर्गन म्हटला, घोगऱ्या आवाजात. इथे तो दोन मात्रा थांबतो, म्हणाल्या, आणि इथे ड्रमवाला मुद्दाम उशिरा येतो, आणि आपल्याला वाटतं पायरी चुकली. पूर्ण पहिली बाजू त्यांना पाठ होती. नवरा घास हातात धरून ऐकत राहिला. मध्येच त्यानेही दुसऱ्या हाताने टेबलावर ठेका धरला, चुकला, आणि त्यांनी त्याला तिथेच थांबवून दुरुस्त केलं. आमटी-भाजी काय होतं ते मला आठवत नाही, सगळं गार झालं एवढं आठवतं. मी कुरकुर केली नाही.

शनिवारी शर्ट आणायला जायची कुणाची हिंमत झाली नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी बेल वाजली. दारात लाँड्रीवाला. एका हातात हँगरवर पाच शर्ट, आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं काहीतरी चपटं, खळ घातलेल्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यात गुंडाळलेलं. नवऱ्याने शर्टांकडे बघितलंही नाही.

लाँड्रीवाल्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. शेजारच्या गल्लीत एकाकडे होता, पण त्याच्याकडे जावंसं वाटलं नाही. पहिल्यांदा कुणाबरोबर ऐकायची ते ठरवायला सहा दिवस लागले, असं तो म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली. सासूबाई समोर बसल्या. नवरा अभ्रा सोडत होता तेव्हा त्याच्या हातांवर मीच लक्ष ठेवून होते. रेकॉर्ड सपाट होती, कुठेही वाकलेली नव्हती. त्याने सुई ठेवली.

पहिली बाजू लागली. टेबलावर चमच्याने ऐकलेली चाल आता मोठी होऊन खोलीत फिरत होती, आणि मला तिची वळणं आधीच माहीत होती, हे मला फार आवडलं. लाँड्रीवाल्याचा चेहरा मात्र हलत नव्हता. तो आपलंच वाजवलेलं तपासत होता, चूक कुठे निघते ते शोधत. दुसरी बाजू लागली. तिसरा तुकडा आला, आणि तेच वाजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच वाजताच सासूबाईंचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, बोटं सुई धरायच्या तयारीत.

"थांबा, बाई," तो हळूच म्हणाला.

हात खाली आला. तो गुडघ्यावर बोटांनी मोजत होता. पाच, सहा, सात. मीही मोजायला लागले. नवव्या फेरीला कळलं की ते तेच नव्हतं, मागे कुठेतरी ऑर्गन केसभर वर चढत होता. अकरा. आणि मग ड्रम आले. सेहेचाळीस वर्षं सासूबाईंखेरीज कुणी न ऐकलेले ड्रम असे आले की आमच्या कपबश्या खणखणल्या. नवरा हसायला लागला. लाँड्रीवाला दोन्ही हातांनी गुडघ्यांवर वाजवत होता, एकही घाव न चुकता, आणि त्याचे गाल ओले झाले होते.

संपल्यावर त्याने रुमालाने तोंड पुसलं. म्हणाला, तो तुकडा केलाच होता माणसाला उठवायला. ऐकणाऱ्याला वाटावं सुई अडकली, त्याने वैतागून खुर्ची सोडावी, सुईपाशी यावं, आणि हात लावणार तेवढ्यात ड्रम सुरू व्हावेत. चौघं म्हणत होते, कुणी फसणार नाही, एवढं लक्ष देऊन कोण ऐकतं.

"एकच माणूस उठलं," तो सासूबाईंना म्हणाला. "तुम्ही जरा लवकर पोचलात, एवढंच."

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. माफी त्यांनी पुन्हा मागितली नाही, आणि त्यानेही माफ केलं असं म्हटलं नाही. त्याने खिशातून जुनी चिठ्ठी काढली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. म्हणाला, "ही बदलून द्या. लेखी हवंय मला."

मी स्वयंपाकघरातून गठ्ठ्यातली कोरी चिठ्ठी आणली, पाठीवर यादी नसलेली. सासूबाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि थांबल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, पहिल्या बाजूचं शेवटचं जरा पुन्हा लाव. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आता या घटकेला ही बाई काय काढणार? त्यांनी शेवटचं अर्धं मिनिट ऐकलं, मान हलवली आणि लिहिलं. दोष क्रमांक एक, पहिली बाजू, शेवटी, बारीक. दोष क्रमांक सात, नाही. माल पास. खाली सही, आणि आजची तारीख.

"टिक आहे?" लाँड्रीवाल्याने विचारलं. "मला नाही ऐकू आली."

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्याने वाद घातला नाही. मला वाटतं, त्या टिकेमुळेच त्याचा खालच्या ओळीवर विश्वास बसला. नवरा त्याला सांगायला लागला की रेकॉर्ड उतरवून घेऊ, त्या लिहिणाऱ्या बाईंना कळवू, दहाव्या नंबरचा मजकूर बदलायला लावू, पुन्हा छापता येते का ते बघू. लाँड्रीवाला हो हो म्हणत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. चौघांपैकी तिघं अजून आहेत, म्हणाला. बेसवाल्याचा नंबर त्याच्याकडे होता. कधी लावला नव्हता, पण होता. त्याने आमच्याकडूनच फोन केला. पलीकडून कुणीतरी उचललं. याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, काय चाललंय विचारलं नाही. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली आणि वरपासून वाचायला सुरुवात केली, छापलेलं आणि लिहिलेलं सगळं, टिकेसकट. पलीकडे शांतता होती. म्हणून त्याने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, जरा मोठ्याने. सासूबाई समोर बसून ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे उघडे होते.